बाबांना गाडी लागते : यवतमाळ ते मारेगाव, बॅटरीवर

आमच्या बाबांची सगळी नोकरी एस.टी. आगारात गेली. वाहतूक नियंत्रक. हातात शिट्टी, समोर माईक, आणि "वणीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे" हा आवाज. जन्मभर त्यांनी लोकांना गाड्यांत बसवलं, पण स्वतः बसले की पहिल्याच वळणाला तोंड खिडकीबाहेर. बस, जीप, कोणाची नवी कोरी कार, काहीही असो, बाबांना गाडी लागते. मारेगावच्या कमलआत्याच्या मुलाच्या, सुधीरच्या, लग्नाला जीपने गेले होते. तिथे पोचेपर्यंत इतकी अवस्था झाली की मंगल परिणयाचा अर्धा सोहळा त्यांनी दवाखान्यात सलाईन लावून काढला. त्या दिवसापासून त्यांनी प्रवास सोडला. यवतमाळ शहरात सायकल, बाकी कुठे नाही.

त्यानंतर आत्याच यायची, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली, कंबरेचं हाड मोडलं, आत सळई टाकली. आता वॉकर घेऊन घरात फिरते, पण बसची पायरी चढवत नाही. म्हणजे भाऊ गाडीत बसू शकत नाही आणि बहीण गाडीत चढू शकत नाही. दोघं रोज संध्याकाळी फोनवर बोलतात. जेवण काय केलं, थंडी किती आहे, एवढंच.

आता गाडीबद्दल. मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, कॉलेज गावाबाहेर लांब आहे, रोजची ये-जा आहे. त्या हिशेबाने मी जुनी पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक गाडी घेतली. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा चारेक लाख जास्त मोजले. माझा नवरा नरेश अजूनही पाहुण्यांसमोर म्हणतो, "एवढ्या पैशात पेट्रोलची गाडी आली असती, अन् टाकीभर पेट्रोल घेऊन काशीपर्यंत जाऊन आलो असतो."

डिसेंबरातल्या एका रविवारी बाबा अंगणात गाडीभोवती फिरत होते. वाकून मागे पाहिलं, मग नाक जवळ नेलं.

"मीना, सायलेन्सर कोठी आहे इचा?"

"नाहीच आहे बाबा."

"म्हणजे वासच नाई?"

"नाही."

पुन्हा एकदा वाकून वास घेतला. मग म्हणाले, "मले त्या डिझेलच्या वासानंच होते सारं." आणि आत निघून गेले. दाराशी जाऊन मागे न बघता म्हणाले, "मारेगावले चार्जिंग होते का?"

मी त्याच रात्री आत्याला फोन केला.

पुढच्या शनिवारी सकाळी उजाडल्यावर निघालो. मी, बाबा, आणि त्यांच्या मांडीवर लिंबं, आवळा सुपारी, प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा आणि एक टॉवेल. बॅटरी भरलेली होती. (नवख्यांसाठी: कंपनी कागदावर जे अंतर लिहिते, त्यातला पाव भाग मनातून काढून टाका. थंडीत आणि हायवेवर आणखी थोडा.) जायला शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, त्यामुळे बॅटरीची काळजी नव्हती. बाबांची होती.

यवतमाळ सोडून जोडमोह्याकडे लागलं की दोन्ही बाजूंना सागाचं जंगल येतं. सकाळचं ऊन तिरपं, रस्त्यावर मोठाली वाळकी पानं, गाडीचा आवाज नाही. खिडकी खाली केली तर पाखरं ऐकू येत होती. मी खूश. मनात म्हटलं, जिंकलो.

आणि वळणांवर बाबांनी हात वर केला. "थांबव."

पिशवी कामी आली. मग दुसरी. बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले, टॉवेल डोक्यावर घेतला, डोळे मिटले. मला रडू यायचंच बाकी होतं. वास नाही, आवाज नाही, मग काय?

"वापस चाल," बाबा म्हणाले. "माह्यात काही दम नाई राह्यला. कमलले सांग, ताप आहे म्हणून."

मी पाणी देत होते, तेवढ्यात मागून वणीची बस आली. आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि करकचून थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. पिकलेल्या मिशांचा माणूस.

"साहेब? तुम्ही? इकडं जंगलात?"

बाबांनी टॉवेल झटकन खांद्यावर घेतला. सगळी बस खिडक्यांतून बघत होती.

"मारेगावले चाललो," बाबा म्हणाले, अगदी माईकवरच्या आवाजात. "बहिणीकडे."

"गाडीनं?"

"मंग काय पायी?"

बस हसली. ड्रायव्हरही हसला, "जाजा साहेब, सांभाळून," म्हणत निघाला. धुराचा लोट आमच्यावर आला. बाबांनी नाक दाबलं, धूर विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आता वापस कसं जाता येते? साऱ्या बसले सांगून बसलो ना."

मी गाडीत बसले आणि डोकं चालवलं. इलेक्ट्रिक गाडीत एक सोय असते. पाय उचलला की गाडी आपोआप आवरते आणि त्यातून बॅटरीत थोडी वीज परत जाते. वीज वाचावी म्हणून मी ती सोय सगळ्यात जोरात लावून ठेवली होती. म्हणजे प्रत्येक वळणाला मी पाय काढला की गाडी हिसका देऊन मागे खेचली जात होती आणि बाबांचं पोट पुढे. थोडीशी वीज कमावण्यासाठी मी बापाला घुसळून काढलं होतं. ती सोय बंदच केली. बाबांना नजर समोर रस्त्यावर ठेवायला सांगितली. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. विक्रेता सांगत नाही.

मोहद्यापर्यंत बाबा मुठी आवळून बसले होते. त्यानंतर मुठी सुटल्या. मग ते शेतांकडे बघायला लागले. "कापूस यंदा बरा दिसते." वेचणाऱ्या बायका कंबरेला ओटी बांधून ओळीने चालल्या होत्या, तूर पिवळी झाली होती. बाबांनी हे सगळं इतक्या वर्षांत फक्त फलाटावर उतरणाऱ्यांकडून ऐकलं होतं.

करंजीला हायवे लागतो. तिथून थोडं बाजूला एका ढाब्याला लागून जलद चार्जर आहे. गरज नव्हती, पण मला खात्री करून घ्यायची होती. पहिल्यांदा अ‍ॅपने पैसे घेतले आणि वीज दिली नाही. दुसऱ्यांदा सुरू झालं. घरच्या विजेपेक्षा इथे दुपटीहून महाग पडतं, हे धरून चला. तेवढ्यात आम्ही आलुबोंडा-रस्सा आणि चहा घेतला. बाबांनी फक्त चहा, पण फुंकर मारत, आनंदाने. शेजारच्या बाकावर बसलेले एक काका गाडीकडे बघून बायकोला म्हणाले, "ही मोबाईलसारखी लावून ठेवा लागते."

"मंग मोबाईलसारखी दोन वर्षांत खराब होत असन," काकू म्हणाल्या.

मी हसून सांगितलं, बॅटरीची आठ वर्षांची हमी आहे. काकूंनी लगेच विचारलं, "अन् नवव्या वर्षी?" खरं सांगायचं तर याचं नीट उत्तर कोणाकडेच नाही. नवी बॅटरी घ्यायची म्हटली तर आजच्या भावाने अर्ध्या गाडीचे पैसे जातील, आणि जुनीचं काय करायचं ती व्यवस्था आपल्याकडे अजून नीट बसलेली नाही.

मारेगावला आत्या फाटकात उभी होती. वॉकर धरून, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. सुधीर मागे खुर्ची घेऊन उभा, कारण ती केव्हापासूनची बसायला तयार नव्हती. बाबा उतरले. दोघांनीही एकमेकांना हात लावला नाही. बाबांनी वॉकरची दांडी पकडली, आत्यानेही तीच पकडलेली.

"किती वाळला दादा तू," आत्या म्हणाली.

"तूच वाळली."

"ओकला का रस्त्यात?"

"थोडसं."

मग आत्या हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना. मी डिकीतून सामान काढत राहिले, बराच वेळ.

जेवायला सोले-वांगे होते, तुरीच्या ओल्या दाण्यांचे, ज्वारीची भाकर, ठेचा. बाबांनी तीन भाकरी खाल्ल्या. नंतर मी गाडी चार्जिंगला लावायला गेले तर ती वीज घेईना. लाल दिवा. घराला अर्थिंग नीट नसेल तर या गाड्या चक्क नकार देतात. सुधीरने घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतलं, मीठ टाकलं, आणि हिरवा दिवा लागला. "तुह्या गाडीचे नखरे नव्या सुनेवाणी आहे ताई," तो म्हणाला. त्याच्या बायकोने आतून भांडं आपटलं. खेड्यात मुक्काम करणार असाल तर आधी फोन करून अर्थिंग विचारा.

सुधीरचा स्वतःचा ट्रक आहे. वणीच्या खाणीतून कोळसा भरतो आणि वीज केंद्राकडे नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच विषय काढला. "ताई, रागावू नको. तुही गाडी माह्या ट्रकवर चालते."

"म्हणजे?"

"मी कोळसा नेतो, त्याची वीज होते, ती तुह्या गाडीत जाते. धूर गेला कोठी मंग? आमच्याकडे राह्यला."

"चल, दाखव," मी म्हटलं.

"मी बी येतो," आत्या म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. अपघातानंतर ती दवाखान्याशिवाय कुठे गेली नव्हती. गाडीची बैठक उंच, पण पायरी नाही. आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. बाबांनी दार धरलं, आत्या बसली. सुधीर चालवायला, मी आणि बाबाही सोबत.

वणीच्या पलीकडे गेलं की जमीन बदलते. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर, खाली खोल काळे खड्डे, ताडपत्री टाकलेल्या ट्रकांची रांग. रस्त्याकडेच्या कापसावर काळी भुकटी बसलेली. पांढरं पीक, राखेच्या रंगाचं. एका वस्तीपाशी आत्या म्हणाली, "थांबव जरा. मीना, इथं आम्ही राहत होतो, तुह्या फुवाची, या सुधीरच्या बापाची, खाणीत नोकरी होती तवा. धुतलेले कपडे घरातच वाळवाचे. बाहेर टाकले का काळे." काच खाली करून ती बघत राहिली. धूळ आत आली. तिला खोकला आला, तरी काच वर करू देईना.

मी वर्गात ज्वलनाची समीकरणं फळ्यावर लिहिते. एका बाजूला कोळसा आणि प्राणवायू, दुसऱ्या बाजूला कर्बवायू आणि उष्णता. आत्याच्या दोरीवरचे कपडे त्या समीकरणात कुठेच नसतात.

"सुधीर, तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. "पण तुझा ट्रक डिझेल जाळतो, आणि माझी जुनी गाडीही पेट्रोल जाळायचीच. ते जमिनीतून काढण्याचा धूर कोणाच्या तरी गावात होताच. आपल्याला दिसत नव्हता इतकंच. वीज उद्या सूर्याची होऊ शकते. पेट्रोल उद्याही पेट्रोलच राहील."

"उद्या होईन तवा होईन," सुधीर म्हणाला. मग मोकळा रस्ता आला, त्याने पाय दाबला, आणि गाडी आवाज न करता अशी सुटली की आत्या मागून ओरडली, "अरे बापा!" सुधीर लहान मुलासारखा हसला. "ताई, ट्रक असा आला तर मले सांगजो."

आत्याला निर्गुडा नदीच्या पुलापर्यंत नेलं, उसाचा रस पाजला. परतताना मागच्या बाकावर दोघं भाऊ-बहीण बोलत होते. मी पुढे बसून ऐकत होते. काही महत्त्वाचं नव्हतं. कोणत्या मावशीने कोणाला लाडू दिला नाही, वगैरे. फोनवर हे बोलणं होत नाही. आणि बाबा मागच्या बाकावर आहेत, जिथे गाडी सगळ्यात जास्त लागते, हे मारेगाव आल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही.

सोमवारी सकाळी परत. येताना पिशवी एकदाही लागली नाही. जोडमोह्याच्या वळणांवर बाबा झोपले होते, तोंड उघडं टाकून.

मग परवडते का? पैशांचं म्हणाल, तर जाऊन-येऊन माझे तीन-साडेतीनशे रुपये गेले. जुन्या गाडीला हजारावर लागले असते. पण हा फरक रोज गाडी चालवणाऱ्यालाच भरून मिळतो. महिन्यातून दोनदा लग्नाला जाणार असाल तर घेऊ नका, नरेशचं म्हणणं खरं ठरेल. पर्यावरणाचंही तसंच. बॅटरी बनवताना जो धूर व्हायचा तो गाडी दारात यायच्या आधीच झालेला असतो. गाडी जितकी चालेल तितका तो फिटतो. उभी ठेवली तर नाही. आणि वीज कोळशाची आहे तोवर "प्रदूषणमुक्त" असं मागच्या काचेवर लिहायची माझी तरी हिंमत नाही. छतावर सोलर लावायचं ठरतंय. माहिती काढायला नरेशच गेला होता, हे तो पाहुण्यांना सांगत नाही.

परत आलो त्याच संध्याकाळी बाबांनी पाइप घेतला आणि स्वतः गाडी धुतली. पांढऱ्या गाडीवरून काळं पाणी ओघळलं, अंगणभर पसरलं, तुळशीपाशी जाऊन थांबलं. बाबा बघत उभे राहिले. मग ओल्या हातांनीच फोन लावला.

"कमल, तुह्या गावचा कोळसा आला पाह्य आमच्या अंगणात. सारं काळं झालं."

फोन स्पीकरवर होता. आत्या हसली, मला स्वच्छ ऐकू आलं.

"राहू दे दादा. तेवढं तरी माहेरी पोचलं."

बाबांनी पाइप खाली ठेवला, नळ बंद केला. "होळीले तुले घ्यायला येतो," ते म्हणाले. "मी सोता येतो."