शेजारच्या सीटवरचे मास्तर

आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवून मास्तरांची माणसाच्या तोंडाकडे बघायची सवयच मोडली होती. शिकणारा रस्त्याकडे बघणार आणि मास्तर त्याच्या खांद्यांकडे. खांदे वर चढले, माणूस स्टिअरिंगवर पुढे झुकला, की समजायचं, गडी घाबरला. आता काहीतरी भलतंच करणार. मग मास्तरांचा पाय आपसूक त्यांच्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर जायचा. या पायाने किती दिव्याचे खांब आणि किती लोकांची कुंपणं वाचवली, त्याला गणती नाही.

एकदाच तो पाय चुकला. बँकेत काम करणाऱ्या एका मुलीने वळणावर गाडी भिंतीवर घातली आणि तिचं मनगट मोडलं. मास्तरांना साधं खरचटलंही नाही. पण तेव्हापासून शिकणाऱ्याच्या शेजारी बसलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक भला माणूस, तरी तोही किती थांबणार? "महिनाअखेरपर्यंत गाडीत बसा मास्तर, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल," म्हणाला. शेवटी बायकोने त्यांना सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे धाडलं.

बाई तरुण, नुकत्याच नोकरीला लागलेल्या. खुर्च्या समोरासमोर. मास्तरांनी तोंड उघडलं की बाई पुढे झुकायच्या. आपण मन लावून ऐकतोय हे पेशंटला कळावं म्हणून तसं करायला त्यांना शिकवलंच होतं. इकडे मास्तरांचा पाय फरशीवर गच्च दाबला जायचा आणि त्याबरोबर तोंडही बंद. बाईंना वाटायचं, गृहस्थांना उठायची घाई झालीय. मग त्या आणखी मन लावून आणखी पुढे झुकायच्या. दोन भेटी अशाच पाण्यात गेल्या.

"पोरगी चांगली आहे गं," मास्तर घरी म्हणाले, "पण तिच्यासमोर माझी दातखीळ बसते. बास झालं आता."

"मग तसं तिला तोंडावर सांगून या," बायको म्हणाली. "न सांगता गायब व्हायचं हे काही बरं नाही."

म्हणून मास्तर तिसऱ्यांदा गेले ते नाही म्हणायला. "यापुढे येत नाही" एवढं बोलेपर्यंत बाई पुढे झुकल्या आणि पाय दाबला गेला. या वेळी बाईंनी पायाकडेच बघितलं.

"पायाने काय करताय तुम्ही?"

मास्तरांनीही खाली बघितलं. त्यांना खरंच पत्ता नव्हता. "ब्रेक मारतोय," ते म्हणाले आणि ओशाळले. "तुम्ही पुढे झुकता ना, मला वाटतं, घाबरलात."

बाईंना आधी हसू आलं. मग ते ओसरलं. "घाबरलेच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी कसं बोलावं, मला जमतच नाहीये. तुम्ही परत येणार नाही, असं वाटत होतं."

मास्तरांना एकदम हायसं वाटलं. घाबरलेल्या माणसाशी कसं वागायचं, एवढं तरी त्यांना येत होतं. "मागे टेका," ते म्हणाले. "खांदे सोडा. घाई नाही आपल्याला."

बाई टेकल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, उठून त्यांनी आपली खुर्ची मास्तरांच्या शेजारी आणली, खिडकीकडे तोंड करून. "असं बोलता येईल?"

बाहेर एक अँब्युलन्स उभी होती. तिच्याकडे बघत मास्तर बोलू लागले, आणि जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते बोलले. "मला दिसलं होतं हो. तिचे खांदे वर गेलेले दिसले होते. पण मागे तिची आई बसलेली, आणि मी नुकतंच म्हटलेलं, पोरगी तयार झाली. ब्रेक मारला असता तर माझं हसं झालं असतं. म्हणून नाही मारला."

त्यांनी चोरून बाजूला बघितलं. बाईंनी अंग चोरलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते.

"हात कसा आहे तिचा?" बाईंनी विचारलं.

"कुठल्या तोंडाने विचारू?"

बाई खिडकीबाहेरच बघत राहिल्या. मग मास्तरांनीच फोन काढून तिला लावला. मुलीने "मास्तर!" म्हणायचा अवकाश, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"राग आलाय मला," मुलगी म्हणाली. "पण उरलेलं कोण शिकवणार? दुसऱ्या कुणाशेजारी बसायची माझी छाती नाही."

"सोमवारी ये," मास्तर म्हणाले. "पण पोरी, गाडी सुरू करू नकोस. आधी मला नुसतं बसून बघू दे."