सरधना आणि आईचे गुडघे

ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुणी मटण सोडतं, कुणी चहा. यंदा मी कुरकुर सोडली. दिल्लीत गाडी चालवणाऱ्याने असला नेम करू नये, असं माझी बायको रीना राखेच्या बुधवारीच म्हणाली होती. त्याच आठवड्यात आईने जाहीर केलं, "मला सरधन्याला ने."

कारण होतं गुडघे. वसईहून आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि तिचे गुडघे धरले. नाताळनंतर चर्चला जाणं बंद, मग घरातली रोझरीची जपमाळही बंद. "गुडघे न टेकता कसली प्रार्थना? देवापुढे काय पाय पसरून बसू?" सकाळी आईचं पुटपुटणं कानावर पडेना, तेव्हा मला खरंच भीती वाटली. मेरठजवळच्या सरधन्याच्या चर्चमधली मरियामाता गुडघे बरे करील, एवढीच आशा तिला उरली होती.

शनिवारी सकाळी निघालो. तुम्ही जाणार असाल तर आणखी लवकर निघा. गाझियाबादपर्यंत नवे मॉल आणि अर्धवट टॉवर बघण्यात वेळ जातो, मोदीनगरला मात्र सगळंच थांबतं. ऊस भरलेले ट्रॅक्टर, वरातीचा बँड आणि आडवी उभी म्हैस. मी दात आवळून हॉर्न दाबला. शेजारच्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं, "भाईसाहब, हॉर्न से जाम खुलता तो मैं कब का मेरठ पहुँच जाता!"

"बोल ना काहीतरी," रीना म्हणाली. "तोंड लाल झालंय तुझं."

"किती सुंदर म्हैस आहे," मी म्हणालो.

तिथली शिकंजी मात्र जरूर प्या. लिंबाची, मसालेदार, थंडगार, ग्लास दहा रुपये. मेरठच्या पुढे रस्ता अरुंद होतो, पण दोन्हीकडे उसाची शेतं आणि ताज्या गुळाचा वास आहे.

सरधन्याचं चर्च दोनशे वर्षांपूर्वी इथल्या संस्थानाच्या बेगमेने बांधलंय. पांढरं, उंच, जुन्या वैभवाचं. आवारात क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची चित्रं आहेत आणि प्रत्येकापुढे गुडघे टेकायची रीत. पहिल्याच स्थानाशी आई रडकुंडीला आली. तेव्हा मला ती थोर कल्पना सुचली. "आई, तू उभी राहा. तुझ्या वाटचे गुडघे मी टेकतो."

दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसणाऱ्याचे गुडघे आणि खाली खडी. चौथ्या स्थानापासून उठताना रीनाचा हात लागू लागला. सातव्याला "आई गं" निघालं. "ही कुरकुर धरायची का?" रीनाने विचारलं. नवव्याला मी टेकलो तो उठवेचना. तिथल्या एका आजींनी आईला विचारलं, "बेटे के घुटनों के लिए मन्नत है?"

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. कित्येक महिन्यांनी ऐकलं मी ते हसू. मग तिने समोरच्या चित्राकडे पाहिलं. नववं स्थान, येशू तिसऱ्यांदा पडतो.

"अरे, हा तर पालथा पडलाय," ती हळूच म्हणाली. "त्याला तरी कुठे नीट टेकता आलं?"

ती शेजारच्या कट्ट्यावर बसली, दुखरे पाय सरळ पुढे पसरले आणि रोझरी काढली. उरलेली स्थानं आम्ही तिथूनच केली. मला फार बरं वाटलं आणि फार दुखत होतं.

परतीला जाम तेवढाच होता. आई मागे पुटपुटत होती, त्यामुळे हॉर्नकडे हात गेला नाही.

गुडघे बरे झाले नाहीत. उलट घरात आता दोन जोड्या दुखऱ्या झाल्या. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत सगळे खाली टेकले आणि आम्ही दोघंच बाकावर बसून राहिलो. मला अवघडल्यासारखं झालं.

"दुखतंय?" आईने कुजबुजत विचारलं.

"कुरकुर सोडलीय मी."

"ती रीनापुढे सोड," आई म्हणाली. "देवापुढे कर. मी काय करतेय असं वाटतंय तुला?" आणि तिने पुन्हा डोळे मिटले.