डावा तळहात

“अज्जाचं डोकं म्हंजे शहाबादी फरशी! त्याला काय व्हायलंय?” कलबुर्गीच्या दवाखान्यात काका डॉक्टरांना हसत सांगत होते. तीन आठवड्यांपूर्वी अज्जा, म्हणजे माझे आजोबा, अंगणात घसरून पडले होते. रक्त आलं नव्हतं, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. आता मात्र त्यांचं डोकं रोज दुखत होतं.

डॉक्टर म्हणाले, “म्हातारपणी मार लागला की कवटीच्या आत रक्त हळूहळू, कित्येक दिवसांनीही साचू शकतं. हातापायातली शक्ती कमी वाटते का?”

“न्हाई. धोतर माझं मीच नेसतो की,” अज्जा म्हणाले.

मी दाराशी उभी होते. अज्जा रोज सकाळी गळ्यातलं छोटं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, हात समोर धरून पूजा करतात. गेले चार दिवस त्यांनी डोळे मिटले की तळहात जरासा आत वळायचा आणि हात सावकाश खाली यायचा. मला नवल वाटलं. खोलीत जाऊन मीही तसाच हात धरला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले तरी माझा हात तिथंच होता. पण पूजेला बसलेल्या अज्जांना असं निरखत होते, हे घरात सांगायचं कसं?

डॉक्टर डोकेदुखीच्या गोळ्या लिहू लागले.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “पूजेत डोळे मिटले की अज्जांचा डावा हात खाली जातो. त्यांना ते कळतच नाही. तुम्ही एकदा बघा ना.”