सोलापूरचं मॉड्यूल काढायचं नाही

"तुमचं मॉड्यूल बंद करतोय, संमतीची सही पाठवा," असा ईमेल जिनिव्हाच्या अणुप्रयोगशाळेतून आला आणि माझं डोकंच फिरलं. त्यांच्या कण मोजणाऱ्या यंत्राचा तो एक भाग, वर्षभर आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी आणि माझ्या पाच विद्यार्थिनींनी तपासलेलं होतं ते. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, ईमेलला ईमेलनं उत्तर द्या. जाताय कशाला?" नवरा मंगळवेढ्याचा. तो म्हणाला, "जा की. लई ऐकून घेतलंस." निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सोलापूरहून मुंबईला पहाटेची गाडी पकडा, विमानाआधी उसंत मिळते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच, कारण तिथल्या एका सँडविचच्या पैशात आपल्याकडे दोघं पोटभर जेवतील. जिनिव्हाच्या विमानतळावरच्या तपासनिसानं भाकरी ठोकून विचारलं, "हे खातात?" मी तुकडा मोडून खाऊन दाखवला. पुढे ट्राम थेट प्रयोगशाळेच्या दारात सोडते.

दुसऱ्या दिवशी मार्टिन भेटला, मोजणीचा प्रमुख. काम असं असतं: प्रचंड वेगानं अणुगर्भ एकमेकांवर आदळले की प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, उडतात. त्यांना विद्युतभार नसतो, त्यामुळे ते गुपचूप निसटतात. म्हणून वाटेत शिशाचा पत्रा लावतात. फोटॉन त्यात शिरला की कणांचा फवारा उडतो आणि मागच्या मॉड्यूलमधली षटकोनी घरं तो टिपतात. काही घरं उगाचच आकडे देत बसतात, ती यादी करून झाकायची, म्हणजे त्यांचे आकडे मोजणीत धरायचे नाहीत.

"तुमचं मॉड्यूल टक्कर नसतानाही मोजतंय," मार्टिन म्हणाला. "छोट्या कॉलेजकडून आणखी काय होणार?"

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही," मी म्हटलं. तो खांदे उडवून निघून गेला. मी हट्ट सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी यंत्र बंद होतं, तेव्हा मला हेल्मेट घालून लिफ्टनं जमिनीखाली, मॉड्यूल बसवलं होतं तिथं नेलं. मॉड्यूलची वायरींची बाजू माझ्याकडे होती. पहिलं घर डावीकडे असायला हवं, ते उजवीकडे दिसलं. टेबलावर आम्ही घरं समोरून मोजली होती. इथं मागून मोजतात. सूचनापत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. माझी यादी उलटी बसली होती. चांगली घरं झाकलेली, वाईट उघडी.

कुणाला कळलं नसतं. सॉफ्टवेअरवर ढकलता आलं असतं. दुपारच्या बैठकीत मी उभी राहिले. "चूक माझी. यादी उलटी आहे, मॉड्यूल चांगलं आहे. यादी फिरवा, मग बोला." लाजेनं कान तापले होते, पण आवाज खाली आणला नाही. त्यांनी यादी फिरवली. टक्कर नसताना येणारे आकडे थांबले. मार्टिन आकडे पुन्हा एकदा तपासून "मॉड्यूल राहू दे," म्हणाला.

परत आल्यावर विभागप्रमुख सगळं ऐकून हसले. "म्हणजे एवढ्या लांब जाऊन चूक तुमचीच निघाली की."

"व्हय सर, माझीच," मी म्हटलं. "गेले नसते तर ती पोरींच्या नावावर राहिली असती."