टाकीच्या झाकणाचं भोक

मंडळी, आज दरबारच्या कचेरीत जाताना नया बाजारात आमची जुनी मोटार तिसऱ्यांदा बंद पडली. मी भर रस्त्यात आमच्या ड्रायव्हरवर, रामदीनवर ओरडलो, "पेट्रोल चोरून विकतोस आणि टाकीत पाणी भरतोस!"

तो खाली उतरला. त्यानं टाकीचं झाकण सैल केलं, फुस्सकन हवा आत गेली आणि मोटार सुरू झाली.

"हुजूर, ढक्कन का छेद बंद है. हवा नहीं जाएगी तो पेट्रोल कैसे उतरेगा?"

धूळ जाऊ नये म्हणून परवा ते भोक मीच लाखेनं बुजवलं होतं.

घरी आल्यावर मी त्याची माफी मागितली. पण अपमान तर बाजारात केला होता. उद्या तिथेच, लोकांसमोर त्याला हात जोडायला हवेत. धीर होत नाही. तुम्ही काय केलं असतं?