माइकवरून पुकारलेलं नाव

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, बायको म्हणते, जाऊ द्या हो आता. पण ही एक केस काही जाऊ देता येत नाही.

डोंबिवलीत एका भाषाप्रेमी संस्थेचा कार्यक्रम होता. एक ज्येष्ठ लेखिका आपल्या नव्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचणार होत्या. कल्याणातली एक मराठी शाळा बंद पडली आणि मराठीच्या नावाने मोर्चे काढणाऱ्यांनीच तिची जागा कशी घशात घातली, हा त्या प्रकरणाचा विषय. बाई वाचायला उठणार, तेवढ्यात एक तरुण सत्काराची शाल घेऊन व्यासपीठावर गेला आणि शालीखाली लपवलेल्या बाटलीतली शाई त्याने बाईंच्या तोंडावर फेकली. ती डोळ्यात गेली. बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं आणि वाचन राहिलं ते राहिलंच. त्या गोंधळात पोरगा पसार झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच संस्थेच्या अध्यक्षांनी निषेध सभा घेतली. गृहस्थ स्वतः कवी, भाषेच्या चळवळीतले जुने पुढारी. बोलताना त्यांनी दोनदा रुमाल डोळ्यांना लावला. पहिल्या रांगेतल्या साहित्यिकांनी निषेधाच्या पत्रकावर भराभर सह्या केल्या. मी तेव्हा त्या हद्दीत वरिष्ठ निरीक्षक होतो. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, लेखक मंडळी एकमेकांच्या पाठीशी तरी आहेत. कसलं काय!

पोरगा कल्याणजवळ मोहन्यात मावशीकडे लपलाय, अशी खबर आली. आमच्या माणसांनी त्याला उचलून आणला. चौकशीत त्याचं एकच पालुपद, भावना दुखावल्या. कोणत्या पानावर दुखावल्या, असं विचारलं तर पुन्हा तेच. पुस्तक त्याने हातातसुद्धा घेतलं नव्हतं. अशाला दरडावून काही मिळत नाही. त्याला चहा द्यावा आणि न केलेली चूक त्याच्या माथी मारावी. मी म्हटलं, बोलावणं नसताना स्टेजवर घुसलास, हा वेगळा गुन्हा लागेल.

तो उसळला. "घुसलो नाय साहेब. माइकवरून नाव पुकारलं माझं, तेव्हा गेलो."

लोकांच्या मोबाईलमध्ये शाई उडाल्यानंतरचंच चित्रण होतं आणि सभागृहातलं कोणी याबद्दल बोललं नव्हतं, त्यामुळे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे नाव पुकारल्याशिवाय नगरसेवकाचा भाऊसुद्धा सत्काराला उठत नाही. मग याचं नाव सांगितलं कोणी? सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षिका ठाकुर्लीला राहायच्या. त्यांना बोलावून घेतलं. आपणच नाव पुकारून त्याला वर बोलावलं, या सलाने त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "सर, मी मनाने कोणाचं नाव घेत नाही. अध्यक्षांनी कानात सांगितलं, वाचनाआधी याच्या हातून सत्कार घ्या." त्यांनी जबाब दिला आणि वाचून पाहून खाली सही केली.

बंद शाळेची ती जागा अध्यक्षांच्याच नातलगाला मिळाली होती, आणि बाई नेमकं तेच प्रकरण वाचणार हे त्यांना कार्यक्रम जाहीर झाल्यावर कळलं होतं, हेही चौकशीत निघालं. अध्यक्षांना पोलीस ठाण्यात बोलावलं तर मला समजावू लागले की हा आमचा घरगुती मामला आहे, यात चळवळ बदनाम होईल. मी विचारलं, "बाईंचा डोळा गेला असता तर तोही घरगुतीच का?" त्यावर त्यांनी वकिलाला फोन लावला.

आता पहिल्या रांगेचे जबाब हवे होते. अध्यक्ष माइकजवळ जाऊन कुजबुजले, हे त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. पण एक जण चहाला गेले होते, एक चष्मा पुसत होते. एका कथाकारांनी तर माझा हात हातात घेतला. म्हणाले, मनाने मी तुमच्यासोबत आहे, फक्त साक्षीत नको. पुरस्कार अध्यक्ष देणार, संमेलनाला अध्यक्ष बोलावणार, मग साक्ष कोण देणार? चोर-दरोडेखोरांत आयुष्य गेलं माझं, पण इतकी चीड कधी आली नव्हती. बाईंच्या असल्या मित्रांपेक्षा तो शाईवाला पोरगा बरा, निदान तोंड दाखवून तरी आला. शेवटी त्या एकट्या शिक्षिकेच्या जबाबावर मी अध्यक्षांचं नाव दोषारोपपत्रात घातलं. पुढे त्या शिक्षिकेला सूत्रसंचालनाला कोणी बोलावेनासं झालं.

बाईंचा डोळा वाचला. त्यांना ते प्रकरण लोकांसमोर वाचायचं होतं, बाकी काही नको होतं. पण डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत एकही सभागृह मिळेना. सगळीकडे एकच उत्तर, वाद नको. तेव्हा त्यांनी बंद शाळेच्या फाटकासमोरच वाचायचं ठरवलं. ती हद्द शेजारच्या पोलीस ठाण्याची, पण तिथला तात्पुरता कार्यभारही तेव्हा माझ्याकडेच होता.

गुन्हेगार शोधायला अक्कल लागते, साक्ष द्यायला छाती लागते, आणि छातीचा शिक्षणाशी काडीचा संबंध नाही, एवढं मला या केसने शिकवलं.

वाचनाच्या दिवशी सकाळी अर्ज आला. शांतता भंग होईल, वाचन थांबवावं. खाली पहिल्या रांगेतल्या त्याच साहित्यिकांच्या सह्या होत्या. मी अर्ज घेतला, रीतसर पोच दिली आणि बंदोबस्ताला स्वतः जाऊन उभा राहिलो. समोर त्या शाळेतून काढलेल्या मुलांचे आईबाप बसले होते. बाईंनी पुस्तक उघडलं आणि प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.