गेझिनेचा भाजीवाला

डेटलेफने आयुष्यभर फ्रायबुर्गमध्ये ट्राम चालवली. ठरलेल्या रुळांवरून जाणाऱ्या माणसाला संशय कमी येतात. त्याचे सगळे निवृत्तीनंतर एकदम आले.

बायको गेझिने दर शनिवारी कॅथेड्रलसमोरच्या बाजारात जाई आणि निम्मी सकाळ घालवून दीडपट भावाची सेंद्रिय भाजी घेऊन परते. त्याने माती वाचते, मधमाश्या वाचतात, असं तिचं म्हणणं. डेटलेफचा मधमाश्यांवर राग नव्हता. पण मधमाश्यांसाठी कोणी कानात डूल घालून जात नाही, एवढं त्याला कळत होतं.

"वेंडेलिन म्हणतो, थंडी लांबणार," ती पिशवी रिकामी करताना सांगे.

"हवामान खातं बंद पडलं वाटतं."

"जळतोस?"

"भाजीवाल्यावर? मी?"

एका शनिवारी गेझिने सर्दीने आडवी झाली. बाजारात जायला डेटलेफ इतक्या तत्परतेने उठला की तिने त्याच्याही कपाळाला हात लावून पाहिला.

वेंडेलिन टकला निघाला. पोट सुटलेलं, नाक गळतंय. डेटलेफची निराशा झाली. देखण्या माणसावर जळण्यात निदान काही इभ्रत असते. हा मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाचं ऐकून घेत होता. कोणाचा गुडघा, कोणाची मांजर. रांगेत कोणालाच घाई नव्हती.

"गेझिने नाही आली?"

"सर्दी झालीय. मी तिचा नवरा."

"अरे, ट्रामवाले! या, या."

डेटलेफने सेलरीचा गड्डा उचलला. "हाही द्या. रविवारी मी याचं सूप करतो. तिला फार आवडतं."

वेंडेलिनने गड्डा घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"काय झालं? बोला की."

"अहो, सेलरीच्या वासानं तिला मळमळतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"आम्हालाही माहीत आहे," रांगेतल्या म्हातारीने दुजोरा दिला.

डेटलेफने गड्डा परत ठेवला.

घरी येऊन त्याने विचारलं, "उद्या काय करू?"

गेझिनेने पांघरुणातून डोकं काढलं. "तुझं सूप कर ना. नेहमीचं."

हे तिने इतक्या मायेने म्हटलं की त्याच्या अंगाची आग झाली. त्या टकल्यावर तिचं प्रेम असतं तर भांडता तरी आलं असतं. खरं सांगायचं त्याला, आणि सूप गोड मानून प्यायचं माझ्यापुढे!

"सेलरी नाही आणली."

"मग कशाचं करशील?"

"तूच सांग."

ती उठून उशीला टेकून बसली. "बटाट्याचं," ती म्हणाली. "आणि कांदा जरा कमी घाल. तू फार घालतोस."

"हे कांद्याचं त्याला माहीत आहे?"

"कोणाला? नाही."

डेटलेफने बटाटे सोलायला घेतले.